दिवाणांचा एकच हुकूम

समुद्राकाठच्या एका बंदरात फार पूर्वी दोन पेढ्या होत्या. त्रिंबकशेठ व्याजाने पैसे देत. इब्राहिम परकारांच्या धर्माला व्याज मंजूर नव्हतं, म्हणून ते व्यापाऱ्याशी भागीदारी करत. नफा झाला तर दोघांचा, तोटा झाला तरी दोघांचा. गावाचा दोघांवरही सारखाच विश्वास होता.

एका वर्षी तांदूळ महागला. व्यापारी मिळेल तिथून पैसा उचलून कोठारं भरत होते. कर्ज महागलं की साठे थांबतील आणि भाव उतरेल, म्हणून बंदराचा कारभार पाहणाऱ्या दिवाणांनी व्याजाचा दर वाढवायचा हुकूम काढला. त्रिंबकशेठनी दर वाढवला. व्यापारी तिथून उठले आणि परकारांकडे गेले. तांदूळ महागतच राहिला, तेव्हा दिवाणांनी दर आणखी वाढवला.

याची झळ बसली भागीरथीला. ती काथ्याचे दोर वळणारी विधवा. कच्च्या मालासाठी तिने त्रिंबकशेठकडून कर्ज घेतलं होतं. दर चढला की तिचा हप्ताही चढे, आणि घरात शिजवायचा तांदूळही महागच.

परकार दिवाणांना भेटायला गेले.

“दिवाणसाहेब, माझ्याकडे व्याजच नाही, तर तुमचा हुकूम मला लागणार कसा? तांदळाच्या सौद्यात किती पैसा घालायचा, याची हद्द दोन्ही पेढ्यांना घालून द्या. मी पाळीन.”

दिवाण म्हणाले, आपल्या वडिलांनीही दर वाढवूनच भाव उतरवला होता. तेव्हा गावात एकच पेढी होती, हे परकारांनी सांगून पाहिलं. दिवाणांना पटलं नाही. परकार परतले. हुकमाविना आपणहून हात आखडता घ्यायचं धैर्य मात्र त्यांनाही झालं नाही.

दिवाळी सरता सरता भागीरथीने दोर वळायचं चाक विकलं आणि मुलीला घेऊन ती मिठागरात मजुरीला गेली.

दर कितीही वाढवला तरी भाव उतरेना, तेव्हा चैत्रात दिवाणांनी अखेर ती हद्द घातली. महिन्याभरात भाव उतरला, पाठोपाठ व्याजही. धंदा बुडालेल्यांची नावं त्यांनी त्रिंबकशेठकडून मागवली आणि ते स्वतः मिठागरात गेले.

“आई माघात तापाने गेली,” भागीरथीची मुलगी म्हणाली.

कर्ज माफ करवतो, नवं चाक देतो, असं दिवाण म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मला दोर वळता येत नाही. आई शिकवणार होती.”

एवढं बोलून ती पुन्हा मीठ ओढायला गेली.

तात्पर्य इतकंच: ज्याच्या हाती सगळ्यांचं भलं असतं, त्याने आपला हुकूम कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही, हे आधी पाहावं; उशिरा आलेलं शहाणपण गेलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.