भक्कम घरट्याचा शोध

समुद्रकाठच्या सुरूच्या बनात पाखरांचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. एका वादळात निम्मी घरटी उडाली. राजा गरुडाने भक्कम घरटं शोधायचं काम घुबडावर सोपवलं. घुबडाने हत्तीला बोलावून प्रत्येक घरट्यावर सोंडेने फुंकायला लावलं.

साळुंकी म्हणाली, "घुबडराव, हत्ती एकाच बाजूने फुंकतोय. दुसरीकडूनही बघा ना."

"तिकडे चिखल आहे. त्याचे पाय रुततात," घुबड म्हणालं.

कावळ्याचं घरटं टिकलं, म्हणून सर्वांनी तसंच बांधावं असा हुकूम निघाला. पुढचं वादळ चिखलाच्या बाजूने आलं आणि सगळी घरटी गेली. साळुंकी पिलांना पंखांखाली घेऊन उघड्या फांदीवर भिजत राहिली.

घुबड पाहणी करून दरबारात गेलं. "महाराज, घरटी भक्कमच होती. वारा नियम सोडून आला."

त्याच दिवशी वाऱ्याला सक्त ताकीद देण्यात आली.