कोलंबीच्या मापाचा गळ

“पण नंबर कुठला, बुवा? सहा, आठ की दहा? तेवढं एकदा सांगून टाका.”

जोमाबुवांनी डोळे उघडले नाहीत.

उघाडीच्या कठड्याला पाठ टेकून ते बसले होते. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला जी लाकडी दारं बसवतात, ती उघाडी. ती राखता राखता बुवांनी ऐंशी ओलांडली होती. एके काळी भजनात पेटी वाजवायचे, म्हणून बुवा. पेटी उंदरांनी खाल्ली, बुवा तेवढे शिल्लक राहिले.

विचारणारे होते पद्माकर मोकल. हायस्कुलाचे निवृत्त मुख्याध्यापक. उत्तर येईना म्हणून तीस वर्षं पोरांना बाकावर उभं करणारा हा माणूस नऊ दिवस चिखलात उभा होता, आणि ज्याला उत्तर येत होतं तो घोरत होता. न्याय न्याय म्हणतात तो याहून काय वेगळा असतो?

सरांना खाडीतला जिताडा मासा हवा होता. हाताएवढा, जमल्यास हाताहून मोठा.

अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस. भरतीला जोर नाही, पाणी निवळलेलं, मासा शहाणा झालेला. यायचा, कोलंबी हुंगायचा, आणि मुख्याध्यापकांच्या तोंडासमोर शेपूट हलवून निघून जायचा.

सरांच्या मांडीवर चोवीस खणांचा डबा होता. खणाखणात वेगळ्या नंबरचे गळ. नंबर चढत जातो तसा गळ बारीक होत जातो, हे सरांना कळलं तिसऱ्या दिवशी. तोवर मोठा मासा म्हणून मोठा नंबर, असा साधा हिशेब करून ते टाचणीसारखे गळ लावत बसले होते. खरं तर त्याच दोन दिवसांत काय ती एक ओढ लागली होती. पण चुकून आलेलं उत्तर सर बरोबर धरत नसत. आयुष्यात कधी धरलं नव्हतं.

खिशातला फोन थरथरला. सरांनी न बघताच तो गप्प केला.

“दमलो हो मी बुवा.”

“मीपण.” बुवांनी एक डोळा उघडला. “मासापण दमला असेल. तो रोज येतो, तुझ्या मेलेल्या कोलंब्या बघून जातो.”

“मेलेल्या कुठे? बादलीतून जिवंत काढून लावतो मी.”

“हो का?... लाव बघू. तुझ्या पसंतीचा लाव.”

सरांनी डब्यातला सगळ्यात दांडगा गळ काढला. छत्री टांगावी असा. बादलीतली एक कोलंबी धरली, पाठीतून गळ आरपार घातला.

“आता सोड बादलीत.”

कोलंबी आडवी पडली. पाय दोनदा हलले... मग नाही हलले.

बुवा पुढे वाकले. बादलीत बघत राहिले. सरांनाही बघावं लागलं.

मग बुवांनी डब्यात बोटं घातली. न बघताच चाचपून एक गळ उचलला. एवढासा, की सरांनी चष्मा पुसला. दुसरी कोलंबी घेतली. शेपटीजवळच्या पातळ पापुद्र्यातून गळ अलगद ओवला आणि तिला पाण्यात सोडलं.

कोलंबी सुळकन पोहत गेली. एक फेरी मारली, बादलीच्या कडेला मिशा लावून बसली.

“हिला अजून कळलंच नाही,” बुवा म्हणाले.

“पण बुवा, दहा किलोचा जिताडा एवढ्याशा गळावर? सरळ होईल हो गळ!”

“माशाचं माप तू घेतलंस. बरोबर घेतलंस... कोलंबीचं घेतलंस का?”

 सरांनी खिशातून वही काढली. चांगलं वाक्य ऐकलं की ते लिहून ठेवल्याशिवाय त्यांना करमत नसे.

“लिहू नकोस. लिहिलंस की भाषण करशील.”

सरांचे कान लाल झाले. कारण वहीतून घडी घातलेले चार कागद निसटून चिखलात पडले होते.

“ते काय?”

“काही नाही... दादासाठी आहे.”

दादा म्हणजे नरहरी, सरांचा थोरला भाऊ. लहानपणी याच बांधावर सरांच्या गळाला कोलंबी लावून द्यायचा तो. सर नुसती दोरी धरायचे आणि गावभर मासा आपण धरला म्हणून सांगायचे. बारा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा दादाला बंदरावरच्या नोकरीतून यायला उशीर झाला. बाराव्याच्या दिवशी भरल्या मांडवात सर त्याला म्हणाले, “पाहुण्यासारखा आलास, आता पाहुण्यासारखा जेवून जा.”

दादा भरल्या ताटावरून उठला. तो पुन्हा गावात आला नाही.

आणि आता त्याचा निरोप आला होता. रविवारी येतो, संध्याकाळच्या गाडीने परत जाईन.

“त्याच्या ताटात जिताड्याचं डोकं वाढायचं,” सर म्हणाले. “लहानपणी तो मला द्यायचा. म्हणजे मग... वातावरण तयार होईल. त्यानंतर हे वाचायचं.”

“वाच.”

सरांनी कागदावरचा चिखल झटकला. घसा साफ केला. सवयीने जरा ताठ उभे राहिले.

“तीर्थरूप बंधुवर्य नरहरी यांस. काळाच्या ओघात, काही परिस्थितीजन्य कारणांमुळे, उभयतांमध्ये जो एक भावनिक दुरावा निर्माण झाला...”

बुवांच्या पायाशी झोपलेलं कुत्रं उठलं आणि बांधाच्या पलीकडे जाऊन पडलं.

“‘चुकलो’ हे कुठल्या पानावर आलंय?” बुवांनी विचारलं.

“तिसऱ्या.”

“दाखव.”

सरांनी तिसरं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग चौथं पाहिलं.

“म्हणजे... सुचवलंय तसं.”

“बरं.”

फोन पुन्हा थरथरला. सरांनी पुन्हा दाबला.

“कोण रे एवढं जिवावर उठलंय?”

“वत्सला. घरून.” सर बायकोचं नाव पुटपुटले.

“मग घे की.”

“नको.”

खाडीवर वारा नव्हता. दूर कुठेतरी एक मासा उसळला आणि पाणी परत गप्प झालं.

“मास्तर, आज वार कुठला?”

सर डब्यातले गळ खणाखणात नीट लावू लागले. सगळे नीटच होते.

“रविवार,” ते अखेर म्हणाले.

“मग दादा?”

“...सकाळच्या गाडीने आलाय.”

“कुठाय?”

“ओटीवर बसलाय. वत्सलाने दोनदा चहा दिला, दुपारी फोनवर म्हणाली. जेवला नाही. पद्मा आल्यावर जेवू म्हणतो, अजून पद्माच म्हणतो मला.” सरांचा आवाज खाली आला. “मासा मिळाल्याशिवाय जाऊ कसा मी बुवा? त्याच्यासमोर रिकाम्या हाताने उभा राहून काय करू?”

बुवा कठड्यापासून सरळ होऊन बसले.

“साडेपाचची गाडी आहे त्याची.”

बुवांनी मान वर करून उन्हाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. मनगटावर घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही. ऊन पलीकडच्या बांधावर चढलं होतं. पाच वाजत आले असावेत.

चौसष्ट वर्षांचा माणूस एखाद्या जागी किती थकून बसू शकतो, तेवढे सर बसले.

“दोरी इकडे दे,” बुवा म्हणाले.

सरांनी दोरी दिली. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. चारही कागद हातात होते. त्यांनी ते एकदा उलगडले, परत घडी केली आणि डब्याखाली सारून ठेवले.

“बुवा... मी काय म्हणू त्याला?”

बुवांचे डोळे पुन्हा मिटले होते.

सर बांधावरून दोन पावलं खाली उतरले. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले, बोटांना कोलंबीचा वास, लहानपणी दादाच्या बोटांना यायचा तसा. मुख्याध्यापक माणूस, तसाच कसा जाईल? ते पाण्याशी वाकले.

“हात धुऊ नकोस,” मागून बुवा म्हणाले. “तसाच जा.”