खळ्यावरचा कोंबडा आणि नावाड्याची चाल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या नद्यांनी त्यानंतर कितीदा तरी पात्रे बदलली असतील. एका डोंगराच्या कुशीत एक गाव होते, आणि सगळ्या गावाचे मिळून एकच खळे होते.

ते खळे नाचून तयार होई. कापणीच्या आधी एका सकाळी माती, शेण आणि भुसा कालवून पसरत, आणि सारा गाव त्यावर अनवाणी नाचे. सूर्य माथ्यावर येईपर्यंत माती पायांखाली घट्ट बसली तर ठीक. नाही तर ती तडकत असे आणि वर्षाची नाचणी भेगांत जाई.

नाचाला सनई वाजवणारा एक सनईवाला होता. गावाला एकच चाल प्रिय होती, ‘कोंबडा’. ती सुरू झाली की म्हातारेसुद्धा कोपरांचे पंख करून खळ्याच्या मधोमध रोवलेल्या मेढीच्या खांबाभोवती गरगर फिरत. सनईवाल्याला त्या कोंबड्याचा वीट आला होता.

तो वर्षातले आठ महिने भटके आणि कुणी न ऐकलेल्या चाली गोळा करी. मिठागरातल्या बायका फक्त ओहोटीला गुणगुणत, ती एक. तीन घरांच्या वाडीत धुके उतरले म्हणजे माणसे एकमेकांना शोधायला गात, ती एक. सर्वांत लाडकी होती ती एका नावाड्याची. ती मनात आली की त्याला वाटे, आपण पाण्यावर आडवे पडलो आहोत आणि आभाळ हळूहळू सरकते आहे.

कधी त्याला शंका येई. ही चाल मला आवडते, की ती माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, हे आवडते?

त्या वर्षी माती पसरली, गाव जमला, आणि त्याने थेट नावाड्याची चाल धरली.

माणसे पूर्वेच्या कडेला आली आणि थबकली. पाय कुठे टाकावा, कुणाला कळेना.

“अहो सनईदादा, कोंबडा वाजवा, कोंबडा!”

“जरा ऐका तरी,” तो म्हणाला आणि पुन्हा वाजवू लागला.

“ऐकायला कान लागतात, खळ्याला पाय लागतात,” एक कुंभारीण म्हणाली. “माती वाळतेय! पुढल्या वर्षी दुसरा सनईवाला बघावा लागेल बाई!”

ऊन चढू लागले. पायांशी माती पांढरी पडत चालली. सनईवाल्याचा धीर सुटला. त्याने मान खाली घातली आणि कोंबडा वाजवला.

गाव आरवला! मेढीभोवती फेर धरून सगळे असे नाचले, की सनईचा सूरही ऐकू येईना.

मग खळे तपासायला एक आंधळी म्हातारी आली. टाचेने चाचपून माती पक्की की कच्ची ते सांगणे, हे तिचे काम. ती मेढीजवळून चालली. “दगड झालाय,” ती म्हणाली. कडेला गेली, तशी तिची टाच रुतली.

“कोंबडा गोल फिरतो रे. कडा कोण तुडवणार? आणि ती सकाळची चाल कुठली?”

“नावाड्याची, मावशी. पण ती कुणाला नको.”

“तू ती ऐकलीस तेव्हा कुठे होतास?”

“त्याच्या होडीत.”

“होडी उभी होती का?”

“नाही. हलत होती.”

“मग लेका, आम्हाला उभं करून कसली ऐकवतोस? आधी होडी हलव की.”

सनईवाल्याने सनई ओठांना लावली. त्याने पुन्हा कोंबडा धरला. या वेळी मनापासून, हसत. फेर रंगात आला, आणि एका वळणावर, श्वास न तोडता, तो नावाड्याच्या चालीत शिरला.

पाय आधीच हलत होते. ते थांबले नाहीत. फेर सैल झाला, माणसे वल्ह्यासारखी डावी-उजवीकडे झुलू लागली, आणि लाट काठाला लागावी तशी कडेपर्यंत गेली. कुणाचे डोळे मिटले होते. कुंभारीण तर पुटपुटत होती, “पाणी आहे गं खाली, पाणी आहे.” सूर्य माथ्यावर आला तेव्हा म्हातारीची टाच कुठेच रुतली नाही.

फक्त पूर्वेच्या कडेला, जिथे सकाळी सगळे नुसतेच उभे राहिले होते, तिथे एक भेग राहून गेली. त्या वर्षी मळणी चालली तितके दिवस सनईवाला तिथे बसून भेगेतली नाचणी काडीने दाणा दाणा उकरून काढी. कुणी त्याला तसे सांगितले नव्हते. पुढल्या वर्षी गावाने सनईवाला तोच ठेवला. आता येणारेजाणारे विचारीत, “दादा, कोंबड्यानंतरची ती पाण्याची चाल यंदा वाजवणार ना?”

तात्पर्य : माणसांना अनोळखी तीरावर न्यायचे असेल, तर नाव त्यांच्या ओळखीच्या काठावरूनच सोडावी लागते.