वाचला असं समजावं

देशभरच्या डॉक्टरांच्या संघटनेची वार्षिक सभा नागपुरात भरली होती. अध्यक्ष डॉ. त्रिलोकेकरांना त्याच सभेत पुन्हा अध्यक्ष व्हायचं होतं, आणि तेही जेवणाआधी. म्हणून कुठलाही ठराव आला की ते म्हणत, "वाचला असं समजावं!" लगेच सगळ्यांचे हात वर. पेशंटला पथ्य सांगणाऱ्या या मंडळींचं सगळं लक्ष शेजारच्या मांडवातल्या तर्रीच्या वासाकडे होतं.

एका ठरावाला मात्र हात वर गेलेले असतानाच उदगीरच्या डॉ. मंदाकिनी हुलसूरकर ठरावांचा छापील कागद घेऊन उठल्या. "साहेब, हा तरी वाचा."

"बाई, इथे सगळे शिकलेले आहेत," अध्यक्ष हसले. "न वाचताही कळतं त्यांना."

"मग माझी एक दुरुस्ती घ्या. पेशंट आला की त्याला सांगावं, 'तुला तपासलं असं समज,' आणि औषध लिहून द्यावं."

"हा काय पोरखेळ! ठरावाशी याचा संबंध काय?"

"ठराव तोच आहे, साहेब. रुग्णाला तपासल्याशिवाय औषध लिहू नये, असा."

वर गेलेले हात गुपचूप खाली आले. कुणी कुणाकडे बघेना. अध्यक्षांनी चष्मा लावून ठराव वाचला, पण त्यांचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही.

पुढचा विषय निवडणुकीचा होता. सचिव सवयीने म्हणाले, "डॉ. त्रिलोकेकर बिनविरोध निवडून आले असं समजावं."

"नका समजू," त्रिलोकेकर मान खाली घालूनच म्हणाले. "मतदान घ्या."