जासुदाने राखून ठेवलेला शब्द

बरीच वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात एक जासूद राहत होता. राजाचे निरोप धावत पोचवायचे, हे त्याचं काम. त्या कामाचा एकच नियम होता. निरोप पोचेपर्यंत वाटेत बसायचं नाही. बसलं की पाय जड होतात, आणि जड पायांनी घाट चढवत नाही.

पुढे त्याचा गुडघा गेला. काम सुटलं. नियम तेवढा सुटला नाही.

त्याला एक मुलगी होती. आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवलं. धावणं, लांब उडी, उंच उडी, भाला, गोळा. पाठशाळेतलं कोणी तिच्या पासंगाला पुरत नसे. नदीकाठी बापाने तिच्यासाठी उडीची वाळू भुसभुशीत करून ठेवली होती. ती उडी मारी, आणि तो काठीने वीतभर पुढे नवी रेघ ओढी.

घामाने निथळत ती विचारी, "बाबा, बस?"

त्या एका शब्दात तिचे दोन प्रश्न असत. पुरे का? आणि बसू का?

बापाचं दोन्हींना उत्तर एकच. "अजून एक."

आत्या चिडायची. "दादा, पोर आहे ती, घोडी नव्हे! एकदा तरी बस म्हण की तिला."

मुलगी हसायची. "आत्या, आपल्या घरातली बाज पाहुण्यांसाठी असते. ठाऊक नाही का तुला?"

जासूदही हसायचा. शब्द त्याच्या ओठांवर येत नसे असं नाही. पण तो गिळून टाकी. राजासमोर पाची खेळ जिंकू दे, मग म्हणू, असं त्याच्या मनात होतं.

तो दिवस आला. मुलीने चार खेळ जिंकले. शेवटची धाव उरली, तेव्हा ती बापाजवळ आली. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, छातीत कसंतरी होतंय. बस?"

जासुदाने तिच्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं.

"एवढी एकच, बाळ. मग बस."

तिचा चेहरा उजळला. इतकं तरी तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

ती धावली. सगळ्यांच्या पुढे रेघ ओलांडून ती थांबली नाही. तशीच बापापर्यंत आली आणि त्याच्या पायाशी बसली.

ती पुन्हा उठली नाही.

राजाने मानाचं कडं पाठवलं. जासुदाने ते कोनाड्यात ठेवलं आणि पुन्हा हातात घेतलं नाही.

आता तो रोज नदीकाठी त्या वाळूपाशी घोंगडी पसरून बसतो. गावची मुलं उड्या मारायला येतात. कुणाला धाप लागली, की तो घोंगडीवर हात थोपटतो आणि म्हणतो, "बस." मुलं टेकतात, दम खातात, एकमेकांना चिडवत घरी जातात.

तिन्हीसांजेला घोंगडी रिकामी होते. तेव्हा शेजारच्या जागेकडे न पाहता तो तोच शब्द पुन्हा म्हणतो, हळूच. आत्या जेवायला हाक मारते. त्याला उठायला वेळ लागतो.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, मायेचा शब्द जिंकण्याच्या दिवसासाठी राखून ठेवू नये. माणूस समोर आहे तोवरच तो त्याचा असतो.