फोटोचा हार

त्र्यंबकशेठ सराफांचा सत्कार झाला आणि तेव्हापासून दुपारी बंद पेढीतला चोरघंटीचा भोंगा रोज बोंबलू लागला. पोलीस धावत यायचे, पण आत चिटपाखरू नसायचं.

“फौजदारबाई, आज चोर दाखवा,” शेठ कडाडले, “नाहीतर बदलीच करतो तुमची!”

फौजदार इंदुताई खरातांना वेगळीच काळजी होती. उद्या खरंच चोर शिरला, तर या भोंग्याला कोण धावून येणार? त्यांनी पेढी बंद करायला लावली, चोरघंटी चालू करवली आणि काचेच्या दाराला डोळा लावला. आत अंधार होता, कारण रोजचं दुपारचं भारनियमन चालू होतं.

अचानक वीज आली. बंद करायचा राहिलेला पंखा गरगरला आणि भोंगा किंचाळला. सोबतच्या हवालदाराने काठी उगारली.

इंदुताई मात्र भिंतीकडे बघत होत्या. सत्कारातला भलाथोरला हार शेठनी स्वतःच्याच फोटोला घातला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने तो चोरघंटीच्या सेन्सरसमोर झोके घेत होता.

“दिसला चोर?” शेठ गुरगुरले.

“नाही शेठ. पण जित्या माणसाच्या फोटोला हार चढवल्यावर भोंगा गळा काढणारच की!”

शेठनी स्टूल ओढलं आणि हार उतरवायला वर चढले.