हरभऱ्याच्या पोत्याची पाठ

"चार पोती, आणि हात लावायचा तो दोनांनाच! कोठारी खरं बोलतात की खोटं, सांगा!"

सोनतळ्याच्या उदयदेव राजांचा हा प्रश्न सुटेना, आणि उत्तर मिळेपर्यंत नव्या न्यायशाळेचं दार कुणासाठीच उघडणार नाही, असा राजांचा हट्ट! अकरा विद्वान तोंड पाडून घरी गेले. बारावी आली राही, कोठारातल्या भिवा हमालाची मुलगी. लहानपणापासून बाजारात पोती शिवत आलेली. आज बापही सोबत होता, दरबारात जायचं म्हणून शेजाऱ्याचं पागोटं मागून घालून आलेला.

"हमालाची पोर न्याय शिकणार?" शाळेचे वामनशास्त्री फिस्सकन हसले.

"पोतं आणि न्याय, दोन्हीकडे आत काय आहे तेच बघायचं असतं, शास्त्रीबुवा!"

"जीभ बरी चालते!" राजे म्हणाले. "पण चुकलीस तर तुझ्या बापानं उद्यापासून कोठाराची पायरी चढायची नाही. आहे कबूल?"

राहीनं बापाकडं पाहिलं. भिवानं मान डोलावली.

कोठारी पुढं आले. "यांतल्या ज्या पोत्यावर तांबडा शिक्का, त्यात तूरच आहे!"

दोन पोती तोंड शिवलेली होती. एकावर तांबडा शिक्का दिसत होता, दुसऱ्यावर काळा. उरलेल्या दोन पोत्यांची तोंडं उघडी होती, एकात तूर, एकात हरभरा. पण त्यांचे शिक्के भिंतीकडे.

राहीनं आधी तांबड्या शिक्क्याचं पोतं उसवलं. आत तूर!

"आता तुरीचं पोतं फिरव, म्हणजे झालं," शास्त्री पुटपुटले. अकराही जणांनी तेच केलं होतं. पण राही निघाली हरभऱ्याकडं!

"अगं ए! तुरीची गोष्ट चाललीय, हरभऱ्याचा काय संबंध?" शास्त्रींनी हटकलं.

राहीनं पोतं गर्रकन फिरवलं. पाठीवर लालभडक शिक्का!

"कोठारी खोटं बोलतात, महाराज!"

"माझ्याच हुकमावरून!" राजे खूश होऊन म्हणाले.

"योगायोग आहे हा!" शास्त्री ओरडले. "तुरीचं पोतं का सोडलंस?"

"तुरीवर तांबडा असो की काळा, कोठाऱ्यांचा शब्द मोडत नाही. तांबड्यात तूर म्हणाले ते, तूर तांबड्यातच असते असं कुठं म्हणाले? काळ्या शिक्क्याबद्दल तर बोललेच नाहीत. उरला हरभरा. त्यावर तांबडा निघाला की खोटं उघडं!"

"छे! दोन्ही बोलणी एकच!"

"एकच?" राही वळली. "शास्त्रीबुवा, या दरबारातल्या प्रत्येक मंत्र्याच्या डोक्यावर पागोटं आहे ना?"

"आहेच!"

"मग ज्याच्या डोक्यावर पागोटं, तो प्रत्येक जण मंत्री?" तिनं दाराकडं बोट केलं. "तर तो माझा बाप उभा आहे, शेजाऱ्याचं पागोटं घालून. आजपासून मंत्र्याचा पगार सुरू करा!"

दरबार खो खो हसला. राजांना तर हसून ठसका लागला. शास्त्रीबुवांनी आपलं पागोटं उगाचच सारखं केलं.

"शास्त्री, उद्यापासून ही तुमची पहिली विद्यार्थिनी!" राजे डोळे पुसत म्हणाले. मग डोक्यावरचं जरीचं पागोटं काढून त्यांनी भिवाच्या हातात ठेवलं. "मंत्र्याचा पगार नाही देत भिवा, पण शेजाऱ्याचं त्याला परत करून टाक!"